घरी रेकॉर्ड केलेली डिस्टॉर्शन गिटार म्हणजे नुसती गांधीलमाशी, काय चुकतंय?

फोंड्याचा_बेसूर:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून मेटल वाजवतो, ड्रमर मडगावला, बेसवाला डिचोलीला, त्यामुळे एकत्र बसणं महिन्यातून एकदा झालं तर नशीब. म्हणून म्हटलं चार गाणी आपापल्या घरीच रेकॉर्ड करून टाकू. माझ्याकडे हंबकरवाली (जाड आवाजाच्या पिकअपची) गिटार आहे, ड्रॉप सी ट्यूनिंग (सगळ्यात जाड तार 'सी' सुरापर्यंत उतरवलेली), ती डिस्टॉर्शन पेडलमध्ये (आवाज मुद्दाम फाडणारा डबा) आणि पेडल सरळ ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा), रेकॉर्डिंग रीपर सॉफ्टवेअरवर. हाच पेडल माझ्या १५ वॉटच्या अँपवर लावला की छाती हलते, आणि रेकॉर्ड झालेलं ऐकलं की पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं. जाड व्हावं म्हणून ट्रॅक कॉपी करून एक डावीकडे एक उजवीकडे टाकला, काडीचा फरक पडला नाही. मग गेन (डिस्टॉर्शनचा जोर) वाढवला तर उलट अजून बारीक झालं, हे तर माझ्या डोक्यातच शिरत नाही. अँपला माइक लावायचा विचार केला होता पण घर कौलारू, बाहेर हा पाऊस, आणि शेजारच्या घरात संध्याकाळी भजनाची तालीम असते. माझा आवाज त्यांना आणि त्यांचा मला, दोघांनाही नको. अजून फार पैसे घालायचे नाहीयेत, काय करू?

घुमटवाला:
पेडल बिघडलेला नाही, तू स्पीकर वगळलायस. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने पाडतो, आणि डिस्टॉर्शनमधून निघणारी सगळी करकर तिथेच वर बसलेली असते. अँपवर ती स्पीकर गिळतो, इंटरफेसमध्ये सरळ घातलीस की काहीच गिळत नाही, गांधीलमाशी ती हीच. पेडल काढून ठेव. गिटार सरळ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लाव (लाइन इनपुटला नको, तिथे आवाज मेल्यासारखा येतो) आणि अँप कॉम्प्युटरमध्ये घे. न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, लोकांनी खऱ्या अँपची कॅप्चर (आवाजाच्या नकला) करून ठेवलेली ढिगाने मिळतात. त्याच्या पुढे कॅबिनेटचा (स्पीकरच्या खोक्याचा) आयआर लावायचा, म्हंजे स्पीकर आणि माइक मिळून आवाजाचं जे करतात त्याचा ठसा. व्हिंटेज ३० स्पीकरचे आयआर घेऊन सुरुवात कर, मेटलवाले निम्मे तरी तिथेच असतात. एकच बघ, कॅप्चरमध्ये कॅबिनेट आधीच धरलेलं असेल तर वर अजून आयआर लावू नकोस, घोंगडीखालून वाजल्यासारखं होईल.

आणि कॉपीचं म्हणशील तर, तोच ट्रॅक दोन्हीकडे टाकला की तो मधोमधच ऐकू येणार, फक्त जरा मोठा. गणेश चवथीच्या आरतीला दोन घुमटं (मडक्यावर चामडं ताणलेलं वाद्य) लागतात तेव्हा काय होतं आठव. दोघंही तोच ठेका वाजवतात पण एकाची थाप केसभर आधी, दुसऱ्याची केसभर मागे, शिवाय दोन्ही मडकी वेगळी, चामडं वेगळं ताणलेलं. जाडी त्या फरकातून येते. एका घुमटाचा आवाज दुप्पट केलास तर ते एकच मोठं घुमट. तेव्हा रिफ दोनदा वाजव, पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक टेक पूर्ण डावीकडे एक पूर्ण उजवीकडे.

रात्रपाळी:
दोनदा वाजवायचा कंटाळा असेल तर कॉपी २० मिलिसेकंद पुढे सरकव, रुंद होतं. मी तसंच करतो.

सात_तारा:
@रात्रपाळी हेडफोनवर रुंद वाटतं, मग कोणीतरी मोबाइलच्या एका स्पीकरवर लावतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन गिटार पाइपातून आल्यासारखी पोकळ. मी हे करून एक अख्खं गाणं वाया घालवलंय, नको.

@बेसूर गेनबद्दल. डिस्टॉर्शन म्हंजे आवाजाचं डोकं छाटणं, जितकं छाटशील तितकी तारेवरची मार सपाट होते, मोठा घाव आणि छोटा घाव सारखाच ऐकू येतो. घरात एकटं वाजवताना ते भरून आल्यासारखं वाटतं, ड्रम आले की गिटार मागे जाऊन नुसती सूं करत बसते. लाइव्हला ठेवतोस त्याच्या निम्म्यावर आण. एकटा ट्रॅक ऐकून 'शी, हे तर रॉक अँड रोल' असं वाटलं पाहिजे, दोन टेक एकत्र झाले की आपोआप जड होतं. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर टाइप ओव्हरड्राइव्ह (हलकं डिस्टॉर्शन) टाक, ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल. तो खालचा गाळ अँपमध्ये जायच्या आधीच कापतो, मग पाम म्यूट केलेली (तळहाताने दाबून वाजवलेली) तार धप्प न होता टक् लागते. ड्रॉप सीमध्ये तर हे पाहिजेच, तुझी जाड तार ६५ हर्ट्झवर आहे. मिक्समध्येही ८०-९० हर्ट्झच्या खालचं कापून टाक, ती जागा बेसवाल्याची. तुम्हाला जे 'जड' ऐकू येतं त्यातलं निम्मं बेस गिटारच असतं, गिटारवाल्यांना हे सांगितलं की राग येतो.

आणि तारा कधी बदलल्यास? इथल्या पावसाळ्यात पंधरा दिवसांत तार काळी पडते, बोट फिरवलं की खरखरीत लागते. गंजकी तार ट्यूनमध्ये राहत नाही, आणि दोन टेकमध्ये जराही फरक असला तर डिस्टॉर्शन तो चव्हाट्यावर आणतं. प्रत्येक टेकच्या आधी ट्यून कर. प्रत्येक म्हंजे प्रत्येक.

जुना_अँपवाला:
पोरांनो, कॉम्प्युटरवाले अँप ठीकच आहेत, पण १५ वॉटचा अँप घरात असताना त्याला एकदाही माइक न लावणं मला पटत नाही. एसएम५७ घ्या, १९६५ पासून तोच माइक चालू आहे, सेकंडहँड मिळतो. जाळीपासून बोटभर अंतर, स्पीकरच्या बरोबर मध्ये लावलात तर कर्कश, कडेला नेलात तर मऊ, मधल्या टोपीची कड जिथे संपते तिथे धरा आणि अर्धा अर्धा इंच सरकवत ऐका. त्या अर्ध्या इंचात जितका फरक पडतो तितका कुठल्याच ईक्यूने (खालचे-वरचे सूर कमीजास्त करण्याने) पडत नाही. मी कपड्यांच्या कपाटात अँप ठेवून भोवती गोधड्या टाकायचो, घर चिऱ्याचं असल्याने बाहेर फारसं जात नसे. पावसाचं मात्र खरं आहे. कौलांवरचा पाऊस माइकमध्ये येतो आणि गिटार थांबली की जास्तच येतो. तेव्हा ऑक्टोबरपर्यंत थांबा किंवा वरचं सगळं मुकाट्याने करा. काही झालं तरी गिटारचा साधा, बिनडिस्टॉर्शनचा ट्रॅक जपून ठेवा, पुढे तोच अँपमधून काढून पुन्हा रेकॉर्ड करता येतो.

फोंड्याचा_बेसूर:
मंडळी, काल रात्री बसलो. पेडल काढला, मॉडेलर आणि आयआर लावला, आणि पहिली तार छेडली तेव्हा मी अक्षरशः हसलो. गेन निम्म्यावर आणायला मन होत नव्हतं पण आणला. बाहेर धो धो पाऊस आणि रेकॉर्डिंगमध्ये थेंब नाही, हे फार भारी आहे. दोनच अडचणी. एक, मी तार मारतो आणि आवाज मागून येतो. दोन, वाजवायचं थांबलं की घूंऽऽ असा आवाज, तारांवर हात ठेवला की कमी होतो.

सात_तारा:
आवाज मागून येतो त्याला रीपरच्या सेटिंगमध्ये बफर (कॉम्प्युटर आवाज किती साठवून मग सोडतो ते) १२८ वर आण, विंडोज असेल तर इंटरफेसचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाज लवकर पोचवणारा) निवड. मिक्स करताना परत वाढव, नाहीतर लॅपटॉप चरचरेल. घूं साठी आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ, दोन पिनी चार्जरला अर्थिंग नसतं. मग खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर, जुना डिमरवाला असेल तर तोही आवाज करतो, पंखा बंद कर. घाम येईल, येऊ दे. तारांना हात लावल्यावर कमी होतं म्हंजे गिटारच्या आतलं वायरिंग बरोबर आहे, उघडत बसू नकोस. उरलेलं नॉइज गेटने (आवाज ठराविक पातळीखाली गेला की बंद करणारा) काप, पण गेट अँपच्या आधी लाव आणि हळूच, नाहीतर लांबवलेला सूर मध्येच गळा दाबल्यासारखा तुटतो.

फोंड्याचा_बेसूर:
चार्जरच होता!! काढला आणि नव्वद टक्के गेलं. मग पंखा बंद केला, बाकीचं पण गेलं, आता बनियनवर वाजवतोय. डावीकडचा टेक चारही गाण्यांचा झाला, उजवीकडचा चवथीच्या आत संपवायचाय, नंतर घरात पंचवीस माणसं असणार. आई दारात येऊन विचारून गेली, तेच तेच परत का वाजवतोस, पहिल्यांदा चुकलं होतं काय. मी दोन घुमटांचं सांगितलं. तिला लगेच पटलं.