मदत हवी आहे: एमएमएमध्ये राऊंड नेमका मोजायचा कसा? (वादग्रस्त टायटल फाईट बघून डोकं फिरलंय)

गादीवरचा

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमच्याकडे पुढच्या महिन्यात चार-पाच क्लब मिळून हौशी एमएमए स्पर्धा घेतायत (एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत). तीन-तीन मिनिटांचे तीन राऊंड, तीन जज. तिसरा जज मिळेना म्हणून सरांनी मला न विचारता माझं नाव घातलंय. मी मूळचा कुस्तीतला. पट काढला (पायांत शिरून पाडलं), ताबा घेतला की गुण, हे अंगात मुरलेलं. इथे तेवढ्यावर भागत नाही असं सगळे सांगतात, पण मग कशावर भागतं ते धड कोणी सांगत नाही. पत्रकात "युनिफाईड नियम लागू" एवढंच छापलंय.

म्हणून ज्या टायटल फाईटच्या निकालावरून बोंबाबोंब झाली त्याच पुन्हा लावून, कागद-पेन घेऊन बसतोय. माझं कार्ड काही केल्या जजांशी जुळत नाही.

जॉन जोन्स वि. डॉमिनिक रेयस, यूएफसी २४७ (यूएफसी म्हणजे एमएमएच्या लढती भरवणारी अमेरिकी कंपनी), ह्यूस्टन, फेब्रुवारी २०२०. रेयस तोवर १२ लढतींत अपराजित. पहिले दोन राऊंड तो जोन्सच्या अंगावर जाऊन ठोसे मारतोय. तिसरा अटीतटीचा, मी तोही रेयसला दिला. चौथा-पाचवा जोन्सचा, यात वाद नाही. राऊंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा ९ (फारच मार खाल्ला तर ८), तेव्हा पाच राऊंडची बेरीज माझ्या कागदावर ४८-४७ रेयस. प्रत्यक्षात तिन्ही जज जोन्सच्या बाजूने: ४८-४७, ४८-४७ आणि एक चक्क ४९-४६! म्हणजे त्या तिसऱ्या माणसाला अख्ख्या लढतीत रेयसचा एकच राऊंड दिसला. समालोचक जो रोगनने तर थेट प्रक्षेपणातच त्या कार्डावर तोंडसुख घेतलं.

दुसरी, अलेक्सा ग्रासो वि. व्हॅलेंटिना शेवचेन्को, दुसरी लढत, लास व्हेगास, सप्टेंबर २०२३. एक जज ४८-४७ शेवचेन्को, दुसरा ४८-४७ ग्रासो आणि तिसरा ४७-४७. लढत बरोबरीत, बेल्ट म्हणजे विजेतेपद ग्रासोकडेच. त्या तिसऱ्याने पाचवा राऊंड ग्रासोला १०-८ दिला म्हणून हे झालं. तो १०-८ कुठून आला ते मी तीनदा मागे-पुढे करूनही सापडत नाही.

तर जाणकारांनी सांगावं:
पाडलं म्हणजे राऊंड जिंकला का? १०-८ कधी द्यायचा? आणि उद्या एखाद्या पोराचा कोच माझ्या अंगावर आला, तर निकाल फिरवता येतो का?

पारवा

आधी रोगनचा आवाज बंद करा आणि मग बघा. चेष्टा नाही. जोन्स-रेयस मी समालोचनासह बघितली तेव्हा रेयस चार राऊंड जिंकल्यासारखा वाटला होता, आवाज बंद केल्यावर तीन-दोन. बाजूला बसलेला माणूस प्रत्येक ठोशाला "ओह्ह" करत असेल तर आपले डोळे त्याच्याच मागे जातात.

चष्मेवाला

गादीवरचा, मी हौशी स्पर्धांना जज म्हणून बसतो, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहितो.

नियमांत तीन पायऱ्या आहेत. पहिली, परिणामकारक मारा आणि परिणामकारक पकड. दुसरी, आक्रमकता. तिसरी, पिंजऱ्यात कोण कोणाला रेटतंय ते. मेख अशी की दुसऱ्या पायरीवर जायचं ते पहिलीवर दोघं अगदी शंभर टक्के सारखे असतील तरच, आणि तिसरीवर तर त्याहून क्वचित. २०१७ पासून हे स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रेक्षक नेमकं उलटं करतात. कोण पुढे चालतंय ते पटकन दिसतं, म्हणून तोच जिंकतोय असं वाटत राहतं. तुमच्या रेयसने सुरुवातीचे राऊंड ठोशांवर घेतले, पुढे चालण्यावर नव्हे. पण शेवटच्या दोन राऊंडमध्ये जोन्स पुढे येत राहिला आणि त्याने रेयसला पाडलं, त्याचं लोकांनी नको तेवढं कौतुक केलं. पाडल्यावर रेयस जवळजवळ लगेच उठत होता, हे पुन्हा बघा.

आता तुमचा पट. नियमाचा आशय असा, की पाडणं म्हणजे नुसती जागा बदलणं नव्हे, पाडून पुढे हल्ला सुरू झाला पाहिजे. दुहेरी पट काढला, समोरचा आपटला, तुम्ही वर बसून कोपर मारले किंवा गळ्याला हात घातला, तर भरघोस. पट काढला आणि तो दोन सेकंदांत उठून उभा, तर जवळपास शून्य. नुसता दाबून धरला तरी फार नाही. पण आपटलाच असा जोरात की त्याचा श्वास अडकला, तर ते आपटणंच परिणामकारक. कुस्तीतून आलेल्या जजांची हीच अडचण होते. ताबा दिसला की पेन आपोआप चालतं.

अजून एक, बचावाला गुण नाहीत. दहा पट अडवले म्हणून एकही गुण नाही. अडवून उलट ठोसा मारला तर त्या ठोशाचा आहे.

आणि तात्काळ परिणाम साचत गेलेल्या परिणामाहून जड. एका ठोशात गुडघे लटपटले, तर ते वीस हलक्या जॅबपेक्षा वरचढ.

बेरकी

हे सगळं पुस्तकात ठीक आहे हो. जजांना चॅम्पियनला हरवायचं नसतं हे उघड गुपित आहे. चॅम्पियन जॉर्ज सेंट-पिएर वि. जॉनी हेंड्रिक्स, नोव्हेंबर २०१३. सेंट-पिएरचा चेहरा बघितलात का शेवटी? हरलेल्या माणसासारखा दिसणारा जिंकला. खुद्द यूएफसीचा प्रमुख डेना व्हाईट नेवाडाच्या कमिशनवर (लढतींवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी मंडळावर) भडकला होता.

चष्मेवाला

बेरकीशेठ, चेहऱ्यावरून निकाल द्यायचा तर डॉक्टरलाच जज करा. एखाद्याची कातडी लवकर फाटते, एखाद्याची नाही.

तुमच्याच उदाहरणात बघा. त्या रात्री दुसरा आणि चौथा राऊंड तिन्ही जजांनी हेंड्रिक्सला दिला, तिसरा आणि पाचवा तिन्ही जजांनी सेंट-पिएरला. वाद राहिला तो फक्त पहिल्या राऊंडचा. दोघांनी तो सेंट-पिएरला दिला, एकाने हेंड्रिक्सला. म्हणून ४८-४७, ४७-४८, ४८-४७. मी स्वतः तो हेंड्रिक्सला देतो, पण पहिल्या राऊंडच्या त्या पाच मिनिटांवर दोन शहाणी माणसं भांडू शकतात. अख्खी लढत लुटली असं म्हणायला तिथे जागा नाही. कुठलाही गाजलेला वाद उघडून बघा, बहुतेक वेळा तो एकाच राऊंडचा निघतो. गादीवरचा, सराव करताना तो एक राऊंड शोधा आणि तेवढाच पुन्हा पुन्हा लावा. बाकीचे चार बघून काही शिकायला मिळत नाही.

हो, आणि जज यूएफसीचे नसतात, तिथल्या राज्याच्या कमिशनने नेमलेले असतात. डेना व्हाईटने कितीही आरडाओरडा केला तरी त्याला कार्ड बदलता येत नाही.

शेवंता

एकाच राऊंडचा वाद म्हणालात म्हणून आठवलं. रॉबी लॉलर वि. कार्लोस कॉन्डिट, २ जानेवारी २०१६. शेवटची घंटा झाल्यावर दोघं शेजारी शेजारी जाळीला रेलून उभे होते, कोणाच्यात सरळ उभं राहण्याचं त्राण नव्हतं. तिथे कॉन्डिटचे लक्षणीय फटके (ठोसे-लाथा मिळून) १७६ आणि लॉलरचे ९२. जवळपास दुप्पट! तरी लॉलर जिंकला, ४८-४७, ४७-४८, ४८-४७. अडलं ते तिसऱ्या राऊंडवर. मी कॉन्डिटवाली, आजही. पण आकडे बघून नव्हे. तिसऱ्यात त्याच्या लाथा खरोखर लागत होत्या. नुसते आकडे बघायचे तर जज कशाला, मोजणी करणारा कारकून बसवा.

याच्या उलटं बघायचं तर व्होल्कानोव्स्की-होलोवे दुसरी लढत, अबू धाबी, जुलै २०२०. होलोवेने पहिल्या आणि दुसऱ्या राऊंडमध्ये व्होल्कानोव्स्कीला एकेकदा मारून खाली पाडलं. पूर्ण लढतीतले सगळ्यात मोठे दोन क्षण त्याचे. पुढचे तीन राऊंड थोड्या थोड्या फरकाने व्होल्कानोव्स्कीकडे गेले आणि दोन कार्डांवर ४८-४७ त्याचंच. संपूर्ण लढत एकत्र मोजली असती, जशी जपानच्या प्राईडमध्ये मोजत, तर मला वाटतं होलोवे जिंकला असता. इथे मात्र दर राऊंडला पाटी कोरी. पहिल्या राऊंडचा ठोसा तिसऱ्या राऊंडमध्ये खिशात ठेवता येत नाही.

पैलवान_बंडू

कुस्तीचं बरंय, चितपट म्हणजे चितपट.

बेरकी

बंडू, २०२५ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते विसरलास? पाठ टेकली की नाही यावरूनच वाद, पैलवानाने पंचाला लाथ घातली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. चितपटलाही वाद होतो.

गादीवरचा

मंडळी, तो विषय इथे नको, त्याच्यावर वेगळा धागा काढा. चष्मेवाला, शेवंताताई, खूप उपयोग होतोय. पण १०-८?

चष्मेवाला

१०-८ ला तीन गोष्टी बघायच्या: इजा, वर्चस्व आणि कालावधी. तिन्ही असतील तर १०-८ द्यायलाच हवा. दोन असतील तर विचार करायचा. पूर्ण राऊंडभर चोपलं पाहिजे असं मात्र नाही.

आता ग्रासोचा पाचवा राऊंड. बराच वेळ उभ्याने बरोबरीचा चाललेला. मग शेवचेन्को तिला मानेत धरून फेकायला गेली, डाव अंगावर उलटला आणि ग्रासो पाठीवर चढली. शेवटी ठोसे आणि गळा आवळायचा प्रयत्न. वर्चस्व होतं, पण राऊंडच्या शेवटच्या टप्प्यापुरतं. इजा? शेवचेन्को संपायला आली होती असं मला दिसलं नाही. कालावधी तर नाहीच. माझ्याकडून तो स्वच्छ १०-९. राऊंडचा शेवट डोळ्यांत भरतो आणि जजही माणूसच. १०-९ लिहिला असता तर त्या कार्डावर ४८-४७ शेवचेन्को झालं असतं आणि बेल्ट तिच्याकडे गेला असता. पुढच्या वर्षी तिसऱ्या लढतीत शेवचेन्कोने तिन्ही कार्डांवर ५०-४५ ने तो परत घेतला ते वेगळं.

तुमच्या स्पर्धेत तीनच राऊंड आहेत, त्यामुळे एक १०-८ पडला की लढत जवळपास संपली. हात आखडता घ्या असं म्हणत नाही, पण वरचे तीन शब्द कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि आकडा टाकण्याआधी त्यांच्यावर नजर फिरवा.

पारवा

निकाल फिरवण्याबद्दल. नेवाडात तरी जजाचं मत चुकीचं वाटलं एवढ्या कारणावर निकाल बदलत नाही. संगनमत झालं असेल, कार्डांची बेरीज चुकली असेल किंवा रेफरीने नियमच चुकीचा लावला असेल, तरच.

आणि बेरीज खरोखर चुकते! मार्च २०१२, सिडनी, फ्लायवेट वजनगटाच्या पहिल्या बेल्टसाठीची उपांत्य लढत, डिमेट्रियस जॉन्सन वि. इयन मॅकॉल. जॉन्सन जिंकला असं जाहीर झालं, मग कळलं की बेरजेत गडबड आहे आणि प्रत्यक्षात बरोबरी आहे. त्या स्पर्धेत बरोबरी झाली तर निर्णायक चौथा राऊंड खेळवायचा होता, तो राहूनच गेला. जूनमध्ये पुन्हा लढावं लागलं. तेव्हा राऊंड संपला की लगेच आकडा लिहा आणि चिठ्ठी टेबलावर देऊन टाका. शेवटी तिन्ही एकदम लिहायला बसलात की पुढच्या राऊंडने मागचा बदलतो.

रेफरीने गुण कापला तर तो हिशोब तुम्ही मनात मिसळू नका. डिसेंबर २०२०, फिगेरेडो-मोरेनो: तिसऱ्या राऊंडमध्ये जांघेत लाथ बसली म्हणून फिगेरेडोचा एक गुण गेला, आणि ४७-४६, ४७-४७, ४७-४७ अशी बरोबरी. तो गुण नसता गेला तर तिन्ही कार्डं त्याचीच होती. राऊंड कोणाचा ते जजाने ठरवायचं, कापाकापी रेफरीने.

शेवंता

कोच अंगावर आला तर त्याला पूजा तोमरची लढत दाखवा. जून २०२४, लुईव्हिल, यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला. टायटल फाईट नव्हे, साधे तीन राऊंड. एका जजाने ३०-२७ पूजाला, दुसऱ्याने ३०-२७ समोरच्या रायन दोस सांतोसला, तिसऱ्याने २९-२८ पूजाला. म्हणजे दोन माणसं एकाच पिंजऱ्याच्या दोन बाजूंना बसून एकाही राऊंडवर एकमत होऊ शकली नाहीत. आपण सगळे जल्लोष करत होतो म्हणून कोणी तक्रार केली नाही. हेच उलटं झालं असतं तर अशा धाग्यांचा पाऊस पडला असता.

बाजूंवरून आठवलं, तुमची खुर्ची कुठे आहे ते आधी बघून घ्या. जाळीचा खांब आणि रेफरीची पाठ यांत निम्मा राऊंड जातो. मोठ्या स्पर्धांत जजांपुढे स्क्रीन असतो. तुमच्याकडे नसेल तर तिघांना तीन बाजूंना बसवायला सांगा, एका टेबलाशी नको. गप्पाही मारू नका, शेजारच्याचं मत लागतं.

गादीवरचा

सरांना खुर्च्यांचं सांगितलं, ते तयार आहेत. जोन्स-रेयसचा तिसरा राऊंड आवाज बंद करून पुन्हा लावला. अजूनही रेयसलाच देतोय, पण आता पाच मिनिटं नखं खात. ४९-४६ मात्र मला पटणं शक्य नाही.

एक शेवटचं. राऊंड खरंच सारखाच वाटला तर १०-१० लिहू का?

चष्मेवाला

४९-४६ कोणालाच पटत नाही, त्याची चिंता करू नका.

१०-१० टाळा. नियमात आहे, पण अगदी विरळा म्हणून. पूर्ण तीन मिनिटांत काहीतरी फरक सापडतोच: एखादा ठोसा जास्त खोल बसलेला, एखादी पकड जास्त धोक्याची. आधी तिथे शोधा, नाही सापडलं तर दुसऱ्या पायरीवर जा. अर्धवट राऊंड थांबवावा लागला, वेळच फार कमी मिळाला, तर गोष्ट वेगळी.

आणि आयोजकांना आजच विचारा की बरोबरी झाली तर जादा राऊंड आहे की नाही. पत्रकात नसेल तर लेखी घ्या.