मालिका बघणाऱ्या आयांनी मराठी सिनेमा मारला? हे माझं उत्तर

ओवी

काल इथे 'पडदा' यांनी लिहिलं की मराठी सिनेमा घराघरांतल्या आयांनी मारला. त्या रोज सात ते साडेदहा टीव्हीसमोर बसतात, फुकटात रडून घेतात, मग तिकीट काढून थिएटरला जायचं कशाला? ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या आईला २०१७ साली अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढची चार वर्षं आमच्या घरातलं घड्याळ मालिकांवर चाललं. सातच्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं की तिला सांभाळायला ठेवलेल्या मावशी तिला उशीला टेकवून बसवायच्या. आठच्या मालिकेच्या पहिल्या ब्रेकमध्ये मऊ भात, साडेआठच्या ब्रेकमध्ये रक्तदाबाची गोळी. खलनायिका आली की आईचा डावा हात पांघरुणावर आपटायचा. त्या चार वर्षांत तिला कुणाचा राग आलेला मी पाहिला तो तेवढाच, आणि तो पाहून मला धीर यायचा.

मालिका चांगल्या होत्या असं मी म्हणत नाही. एका मालिकेत नायिकेची स्मृती दुसऱ्यांदा गेली, तेव्हा आईनेच हात हलवून टीव्ही बंद करायला लावला. बघणाऱ्या बाईला कळतं हो.

आणि २०२३ च्या पावसाळ्यात 'बाईपण भारी देवा' कुणी हाऊसफुल्ल केला? भिशीचे गट, सोसायट्यांची महिला मंडळं. सहा बहिणी आणि त्यांची मंगळागौर, आणि त्यात रोहिणी हट्टंगडी, सुकन्या मोने असे टीव्हीमुळे घरच्या झालेले चेहरे. १९९१ ला 'माहेरची साडी'ला माझी आजी दोनदा गेली होती, दोन्ही वेळा तिकीट काढून. आया येतात. त्यांच्यासाठी काही असलं की येतात.

पडदा

ज्यांना उद्देशून हे लिहिलंय तो मीच. तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं, ते मनापासून. पण मुद्दा सोडत नाही.

माझे वडील तालुक्याच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवायचे. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन तयार ठेवायचं, पुन्हा दिसला की बदलायचं. सात वर्षांचा असताना मी तो ठिपका ओळखायला लागलो. आमच्याकडे दर शुक्रवारी दुपारी तीनचा खेळ खास बायकांचा असायचा. कडेवर पोरं, पिशवीत शेंगा, मध्यंतरात चिवड्याचे पुडे. तो खेळ बंद कधी पडला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. १९९९ मध्ये 'आभाळमाया' आली, २००१ मध्ये 'चार दिवस सासूचे' सुरू झाली ती २०१३ पर्यंत, तीन हजारांवर भाग. गावात केबल पोहोचली आणि आधी दुपारच्या बायका गेल्या, मग त्यांच्यामागून घरं गेली. कारण सिनेमाला जायचं की नाही ते घरात बाईच ठरवते. "येईल की दोन महिन्यांनी टीव्हीवर", हे वाक्य मी माझ्याच आईकडून शंभरदा ऐकलंय. त्या टॉकीजच्या जागी आज मंगल कार्यालय आहे.

२०१५ ला 'कोर्ट' लागला. राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालेलं, पुढे ऑस्करला भारताकडून गेला. मी पाहिला तेव्हा सभागृहात अकरा माणसं होती. मोजली होती.

सोनचाफा

अकरा जण तरी होते. गेल्या वर्षी एका छोट्या मराठी सिनेमाला आम्ही तिघं गेलो. शहरात दिवसाला एकच खेळ, तोही सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, पाच तिकिटं झाली तरच लावणार. अर्धा तास थांबलो. चौथा माणूस आला, पाचवा आला नाही. पैसे परत. शेजारच्या चार पडद्यांवर एकच हिंदी सिनेमा. यात आई कुठून आली?

२०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊमध्ये मराठी सिनेमा लावायला सांगितलं, त्यावरून केवढं रण माजलं आणि शेवटी वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली, हे सगळ्यांना आठवत असेल. नोकरी करणाऱ्या माणसाला दुपारी साडेबाराचा खेळ काय कामाचा?

बॅकस्टेज

मी मालिकांच्या सेटवर काम करतो, घोडबंदर रोडला. बाहेरून बोलणाऱ्यांना एक सांगतो. रोज बावीस मिनिटांचा भाग काढायचा असतो. सुरुवातीला दहा-बारा भागांची बँक असते, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, तीन महिन्यांत ती संपते. मग आज शूट, परवा टेलिकास्ट. सीन सकाळी नऊला फोनवर येतो आणि कलाकार मेकअपच्या खुर्चीत पाठ करतो. गुरुवारी टीआरपी येतो. आकडा पडला की चांगली चाललेली गोष्ट सोडून अपघात, स्मृतिभ्रंश, जुळी बहीण. लेखकाला दुसरं सुचत नाही म्हणून हे होत नाही. त्याला चॅनलकडून सांगितलेलं असतं.

आणि पैसे नव्वद दिवसांनी. कागदावर नव्वद. माझे एका निर्मात्याकडे चौदा महिने अडकले होते. मुलीची फी भरायला बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. मालिकेत त्याच आठवड्यात नायिकेच्या डोहाळेजेवणाला खऱ्या फुलांची सजावट होती. 'दर्जा' या शब्दावर मी शांत राहू शकत नाही.

अनुस्वार

पैशांचं वाईट झालं, पण खरं नुकसान भाषेचं आहे. नायिका नवऱ्याला म्हणते, "माझी मदत कर". अरे, "मला मदत कर"! "मी तुला बोलले होते". "म्हणाले होते" कुठे गेलं? माझी नात 'माझी मदत कर' म्हणते आणि टोकलं की टीव्हीकडे बोट दाखवते. छत्तीस वर्षं मराठी शिकवलं मी. वर हल्ली सगळ्यांना बोलीभाषेचा पुळका. ज्याला त्याला गावरान ठसका हवा. अशाने प्रमाण मराठी उरणार नाही.

पराटी

सर, 'माझी मदत' हिंदीतून आली, ते मान्य. पण त्यात बोली कुठून ओढली? मले सांगा, वऱ्हाडी बोलणारी पोरगी मालिकेत डॉक्टर काऊन नसते? आमच्या बोलीत बोलणारी बाई येते ती झाडू घेऊन येते, दोन वाक्यांत हशा घेते आणि जाते. मी अमरावतीची. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऑफिसात एकाने सगळ्यांसमोर "ते काऊन बे म्हणून दाखव ना" म्हटलं. मी सहा महिने मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. हा पुळका आम्हाला पुरला बरं का.

खारा वारा

+१. 'रात्रीस खेळ चाले' आली २०१६ ला. आमच्या सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा. माझी आजी टीव्हीवर पहिल्यांदा मालवणी ऐकून पाट पुढे ओढून बसली. "ह्यां आपला असा", म्हणाली. भुतांचा मला वैताग आला, कोकणात त्यावर ओरडही झाली, अंधश्रद्धा पसरवतात म्हणून. ती ओरड मला पटली होती. पण आजीचा तो चेहरा विसरता येत नाही. आणि सर, "तो मला बोलला" हे मुंबई-कोकणात मालिकांच्या कितीतरी आधीपासून बोलतात. ते अशुद्ध नाही. ते आमचं आहे.

अनुस्वार

घरात काय बोलायचं ते बोला. लाखो मुलं ऐकतात तिथे नियम हवेत.

खारा वारा

आमच्या घरातली भाषा घरातच ठेवायची आणि तुमच्या घरातली सगळ्यांनी शिकायची? हा नियम कुणी केला? 'सैराट'मध्ये करमाळ्याकडची बोली होती, एक शब्द कुणासाठी मऊ केला नव्हता, आणि शंभर कोटींच्या वर जाणारा पहिला मराठी सिनेमा तोच. मुंबई-पुण्याला कळलं की सगळं!

अनुस्वार

आवाज खाली ठेवून बोला. मी कुणाच्या घराबद्दल बोललो नाही.

पराटी

बोललात, सर. "बोललो". बघा, तुमच्याही तोंडी आलंच.

अनुस्वार

इथे तो बरोबरच आहे. घराबद्दल बोललो, तुम्हाला म्हणालो. फरक आहे. तरी… मोलकरणीच्याच तोंडी बोली देतात हे खरं आहे. ते मी याआधी या बाजूने पाहिलं नव्हतं. 'माझी मदत'बद्दल मात्र माघार नाही.

पडदा

सिनेमाचा धागा कुठल्या कुठे गेला.

पराटी

गेला नाही, तुमच्याकडेच येते. माझ्या आईचं माहेर गडचिरोलीकडचं वडसा. पूर्व विदर्भातली झाडीपट्टी. दिवाळी झाली की होळीपर्यंत नाटकं. मंडपात रात्रभर, थंडीत, तिकीट काढून. आई लहानपणी तिच्या आईबरोबर चादर आणि भाकरी बांधून जायची. आजही मामी जाते, साठी उलटलीय तिची. तिच्या घरीही टीव्ही आहे, तीही मालिका बघते. आणि तरी तिकीट काढते, कारण मंडप गावात आहे, भाषा तिची आहे आणि रात्री एकट्या बाईला परतायची भीती नाही, सगळा गावच सोबत असतो. मल्टिप्लेक्स तिला तीन तासांवर. आता सांगा, आयांनी काय मारलं?

पडदा

हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. आमच्या तीनच्या खेळालाही बायका गटागटानेच यायच्या, आणि साडेपाच-सहाला उजेडात घरी जायच्या. टॉकीजवाल्याने २००६ मध्ये तो खेळ बंद केला आणि रात्रीचा वाढवला. वडील त्याच्याशी भांडले होते. हे मी वर लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

'आयांनी मारला' हे वाक्य मागे घेतो. "येईल की टीव्हीवर" या सवयीने नुकसान झालं, हे मात्र मागे घेत नाही.

सोनचाफा

ती सवय पाचवं तिकीट न मिळाल्यामुळेही लागते.

ओवी

पडदा, वाक्य मागे घेतलंत, एवढं मला पुरे. आईच्या मावशी आता आमच्याच गल्लीत एका आजोबांकडे असतात. शुक्रवारी दुपारी त्यांना दोन ते सहा सुट्टी असते. आज त्यांना विचारलं, शेवटचा सिनेमा थिएटरात कधी पाहिलात? म्हणाल्या, लग्नाआधी. तीनला लागणारा एखादा मराठी खेळ ठाण्यात कुठे सापडला तर मला इथे कळवा. दोन तिकिटं मी काढते.

सोनचाफा

पाच लागतील. मी आणि माझ्या दोघी मैत्रिणी येतो.