घरी छोटे सीएनसी राउटर बांधायचे आहे: कंट्रोलर कोणता घ्यावा?

पोटमाळा:
नमस्कार. मी नाशिकला राहतो. नोकरी संगणकाची आणि हौस सुतारकामाची, त्यामुळे या दोहोंना जोडणारे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणारे-कोरणारे यंत्र, स्वतः बांधावे असे बरेच दिवस मनात आहे. सागवानी नावपाट्या, देवघराच्या जाळ्या, कधी ३ मिमी अॅल्युमिनियमच्या पट्टीतून एखादा ब्रॅकेट आणि अधूनमधून एखादा सर्किट बोर्ड, एवढीच कामे मला त्याच्याकडून हवी आहेत. विक्रीचा विचार नाही. जागा म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी, आणि खर्चाची मर्यादा ४५ हजार रुपये.

वाचन पुष्कळ केले, पण कंट्रोलरपाशी (संगणकाच्या आज्ञेप्रमाणे मोटरी चालवणारा भाग) येऊन अडकलो आहे. अर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल हे सॉफ्टवेअर चालवावे, ईएसपी३२ बोर्डावरचे फ्लुइडएनसी घ्यावे, की घरात पडून असलेल्या पॅरलल पोर्टच्या जुन्या संगणकावर लिनक्ससीएनसी बसवावे, याचा निर्णय होत नाही. बाकीचा आराखडा जवळपास ठरला आहे: कामाचे क्षेत्र ६०० × ९०० मिमी, सांगाडा १८ मिमी प्लायवुडचा, तिन्ही अक्षांना दोन्ही टोकांना आधार दिलेले १२ मिमी व्यासाचे गोल दांडे, टी८ लीडस्क्रू (फिरून अक्ष सरकवणारे आट्यांचे दांडे) आणि नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटरी (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या). जाणकारांनी कंट्रोलरबद्दल मार्गदर्शन करावे.

काटकोन:
कंट्रोलरचा प्रश्न लगेच निकालात काढता येईल. ऊनोवरचे जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३० हजार पावले देऊ शकते. मिलिमीटरला ३२० पावले धरली तरी मिनिटाला साडेपाच मीटरहून अधिक वेग मिळतो, आणि घरच्या यंत्रावर लाकूड कापताना तुम्ही त्या वेगाच्या जवळपासही जाणार नाही. गँट्रीच्या (टूल वाहून नेणाऱ्या आडव्या कमानीच्या) दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मोटरी लावून होमिंगच्या वेळी (यंत्र आपल्या ठरलेल्या आरंभबिंदूवर जाते तेव्हा) ती आपोआप काटकोनात आणायची असेल, तर फ्लुइडएनसी घ्या. तिन्ही पर्याय चालतात आणि पुढे बदलताही येतात, म्हणून त्यावर आणखी रात्री घालवू नका.

जे ‘जवळपास ठरले आहे’ असे तुम्ही म्हणता, त्याची मला जास्त काळजी वाटते. गँट्रीवरचे १२ मिमीचे दोन दांडे ७०० मिमी लांबीचे धरा आणि स्पिंडलसह (टूल फिरवणारी मोटर) झेड, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या, अक्षाचे वजन ३ किलो धरा. टोके नुसती टेकलेली आहेत असे मानून हिशेब केला, तर यंत्र स्वस्थ उभे असतानाच ते दांडे मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर वाकतात. नावपाटीची अक्षरे ६० अंशाच्या व्ही-बिटने (व्ही आकाराच्या टोकदार टूलने) कोरताना खोली अर्धा मिमी वाढली, की रेषेची रुंदी जवळजवळ ०.६ मिमी वाढते. म्हणजे पाटीच्या कडेची अक्षरे नाजूक आणि मधली जाड, असा प्रकार होईल. लांबी निम्मी केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो, आणि गोल दांड्याचा व्यास दुप्पट केला तर सोळाव्या हिश्श्यावर. टोके पक्की आवळली तर वाक बराच कमी होतो हे खरे, पण ती पक्की राहायला ज्यात ती आवळली तो सांगाडा ताठ हवा, आणि प्लायवुडकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही.

माझे म्हणणे असे की क्षेत्र ३०० × ४०० वर आणा. त्याने वाचणारे पैसे १५ मिमीच्या चौकोनी लिनिअर गाइडवर (रेल आणि तिच्यावर गोळ्यांच्या आधाराने सरकणारा ब्लॉक), १६०५ बॉलस्क्रूवर (१६ मिमी व्यास, फेऱ्याला ५ मिमी आगेकूच) आणि मोठ्या मापाच्या नेमा २३ मोटरींवर घाला. गँट्रीला जाड भिंतीची अॅल्युमिनियम एक्स्ट्रूजन (तयार आकाराची पोकळ पट्टी) किंवा लोखंडी चौकोनी नळी वापरा. झेड अक्षाचा प्रवास ७० मिमी पुरतो. तो उगाच लांब ठेवला की टूलचे टोक गाइडपासून दूर लोंबकळते आणि बाकी सगळ्या ताठपणावर पाणी पडते. बॉलस्क्रूचा हिशेब सोपा आहे: मोटरची २०० पावले, ड्रायव्हरवर (मोटरीला वीज देणाऱ्या भागावर) एक अष्टमांश मायक्रोस्टेप, म्हणजे प्रत्येक पावलाचे आठ भाग, म्हणजे फेऱ्याला १६०० पावले, भागिले ५ मिमीची आगेकूच, म्हणजे मिलिमीटरला ३२०. हा आकडा टेपने मोजून ‘सुधारत’ बसू नका, कारण तुमच्या टेपपेक्षा तो स्क्रू अधिक खरा असतो. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी.

प्लायवुड अगदीच वर्ज्य नाही. दोन तक्ते चिकटवून केलेला तळ चालतो, पण सगळ्या कडा नीट सील करा, नाहीतर पावसाळ्यात बसवलेली लेव्हल दिवाळीपर्यंत टिकत नाही.

भुसा:
काटकोन यांचा हिशेब मान्य, पण सल्ला निम्माच मान्य. मी स्वतः याच वाटेने गेलो: आधी गाइड, मग स्क्रू, मग एक गाइड उंचीला कमी पडली म्हणून दुसरी, असे करत दोन वर्षे यंत्र ‘होत’ राहिले आणि त्या काळात एकही लाकडाचा तुकडा कापला गेला नाही. शेवटी कंटाळून ३०१८ नावाने सर्वत्र मिळणारे लहान तयार संचाचे यंत्र आणले. त्याचे क्षेत्र ३०० × १८० मिमी, स्पिंडल म्हणजे खेळण्यातल्यासारखी एक डीसी मोटर, पण पहिल्याच आठवड्यात जे कळले ते दोन वर्षांत कळले नव्हते.

उदाहरणार्थ, क्लॅम्प टूलच्या वाटेत येतो हे चित्रात कधी दिसत नाही, टूल मोडल्यावर दिसते. झिरो (खोली मोजण्याचा आरंभबिंदू) लाकडाच्या वरच्या पृष्ठभागावर घ्यायचा की खालच्या फळीवर, हे आधी ठरवले नाही तर फळीत खंदक पडतो. माझ्या हातून सर्वांत महागात पडलेली समजूत म्हणजे ‘हळू चालवले तर सुरक्षित’. ॲक्रिलिकवर भीत भीत मिनिटाला १०० मिमी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) ठेवली. टूल कापण्याऐवजी घासत राहिले, ॲक्रिलिक वितळून त्याभोवती गुंडाळले गेले आणि टूल कायमचे गेले. फीड म्हणजे स्पिंडलचे मिनिटाचे फेरे गुणिले दातांची संख्या गुणिले प्रत्येक दाताने काढायच्या चिपची (कपच्याची) जाडी. १२ हजार फेरे, दोन दात आणि ०.०५ मिमी चिप धरली तर मिनिटाला १२०० मिमी होतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण एका फेरीतली (टूलच्या एका खेपेतली) खोली कमी ठेवली की मऊ लाकडात हेच लहान यंत्रही तेवढे पेलते. (ॲक्रिलिक घेताना ‘कास्ट’ मागून घ्या, एक्स्ट्रूडेड फार लवकर वितळते.)

सर्किट बोर्डासाठी तर ३०१८ पुरेसे आहे, कारण तांब्याचा थर खरवडायला जोर लागतो कितीसा? तिथे अडचण बोर्ड सपाट नसण्याची असते, आणि बीसीएनसीसारखा प्रोग्राम बोर्डाची उंची जागोजागी तपासून टूलची खोली त्याप्रमाणे वरखाली करतो. मात्र त्या बोर्डाच्या भुकटीत काचेचे तंतू असतात. बंद गॅलरीत चांगला मास्क आणि व्हॅक्यूम यांशिवाय हे काम करू नका. एमडीएफलाही हाच नियम लावा.

पोटमाळा:
दोघांचेही आभार. दांड्यांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि आकडा तोच आला, तेव्हा ६०० × ९०० चा हट्ट सोडला आहे. पण ३०१८ घेऊन पुन्हा मोठे बांधायचे, तर खर्च दुहेरी होत नाही का? आणि अॅल्युमिनियमचे ब्रॅकेट त्यावर होतील का?

भुसा:
दुहेरी होत नाही. पुढच्या यंत्राचे ब्रॅकेट, मोटरीच्या बैठका, ड्रिलिंगचे साचे यांतले पुष्कळसे तेच कापून देते. अॅल्युमिनियम मात्र त्याच्यावर म्हणजे संयमाची परीक्षा आहे. एका दाताचे ३ मिमीचे टूल आणि फेरीला जेमतेम ०.१ मिमी खोली ठेवली तर होते, पण ३ मिमी पट्टी आरपार व्हायला तीस फेऱ्या लागतात. मोठ्या यंत्रावर स्पिंडलचे मिनिटाला १८ हजार फेरे असताना मिनिटाला ३५० ते ५०० मिमी फीड, फेरीला पाव मिमी खोली आणि चिप उडवायला हवेचा झोत, येथून सुरुवात करा. चिप खाचेत साचल्या की त्या पुन्हा टूलला चिकटतात.

निवृत्त फिटर:
भोसरीच्या कारखान्यांत बरीच वर्षे मशीन उभ्या करण्यात गेली, म्हणून एक गोष्ट सुचवतो. तुम्ही सर्व मंडळी भाग कोणते घ्यावेत यावर बोलत आहात. ते भाग जुळले की नाही, हे पाहण्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही.

यंत्र उभे झाले की ३०० × ४०० मिमी आयताच्या चार कोपऱ्यांवर त्याच यंत्राने चार बारीक छिद्रे पाडा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५०० आले पाहिजेत. दोन कर्णांत १ मिमी फरक आला, तर ४०० मिमी लांबीत यंत्र सुमारे ०.८ मिमी तिरपे चालते असे समजा, आणि गँट्रीची एक बाजू त्या बेताने सरकवा. गुण्या लावून हे कळणार नाही, कारण घरचा गुण्याच किती खरा असतो हा प्रश्न आहे. कर्ण लपवाछपवी करत नाहीत.

त्यानंतर एक साधा डायल इंडिकेटर (बारीकशी सरकही काट्याने दाखवणारे माप) विकत घ्या. कंट्रोलरवर वाचवलेल्या पैशांत तो येईल. स्पिंडलजवळ तो टेकवा, अक्ष १ मिमी पुढे न्या, १ मिमी मागे आणा, आणि काटा मूळ जागी येतो का पाहा. जेवढा कमी येतो तेवढा त्या अक्षात प्ले (ढिलेपणा) आहे. मग सामान तोलायचा हुकाचा काटा कोलेटला (टूल पकडणाऱ्या भागाला) अडकवून ५ किलो ओढ द्या आणि डायल किती सरकला ते लिहून ठेवा. ही ओढ तिन्ही दिशांना द्या. माझ्या मुलाने बांधलेल्या यंत्रावर हा आकडा ०.४ मिमी आला होता आणि तो सगळा दोष मोटरींवर ढकलत होता. एकेका सांध्यावर डायल लावत गेलो, तेव्हा झेडच्या पाठीमागची पातळ पट्टी वाकत असल्याचे दिसले. ती १२ मिमी जाडीची केल्यावर आकडा ०.१ च्या खाली आला. नवीन मोटर घेतली असती तर पैसे गेले असते आणि ०.४ तसाच राहिला असता.

ठिणगी:
विजेबद्दल थोडे. पाण्याने थंड होणारे १.५ किलोवॅटचे स्पिंडल आणि व्हीएफडी (स्पिंडलचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) घेणार असाल, तर अर्थिंग तपासलेला १६ अँपिअरचा सॉकेट हवा. स्पिंडलची केबल शील्ड असलेलीच घ्या आणि लिमिट स्विचच्या (अक्ष टोकाला पोचला की दाबला जाणाऱ्या स्विचच्या) तारांपासून दूर न्या, नाहीतर स्पिंडल सुरू होताच यंत्र स्विच दाबला गेल्याचे समजून मध्येच थांबेल आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसाल. स्विच नेहमी ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडा, म्हणजे तार तुटली तर यंत्र चालतच नाही. इमर्जन्सी बटन संगणकाला नुसता निरोप देणारे नको. स्पिंडल आणि मोटरींची वीज तोडणारे हवे. व्हीएफडी बंद केल्यावरही आतले कपॅसिटर काही मिनिटे भरलेले असतात, तेव्हा झाकण लगेच उघडू नका.

होमिंग स्विच ‘नंतर लावू’ म्हणून टाळू नका. काम निम्मे झाल्यावर वीज गेली, तर स्टेपर मोटरला आपण कुठे होतो हे आठवत नाही, आणि होमिंग नसेल तर ती सागवानी फळी सरपणात जाते.

पोटमाळा:
ठरले: आधी ३०१८, मग ३०० × ४०० चे बांधीव यंत्र, लिनिअर गाइडवर. एकच विचारतो. भंगार बाजारात जुन्या मशिनच्या गाइड स्वस्तात मिळतात. त्या घ्याव्यात का?

निवृत्त फिटर:
घ्याव्यात, पण हाताने पाहून. ब्लॉक रेलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवा. कुठे खडखड वाटली किंवा अडकला, तर ठेवून द्या. गोळ्या धावतात त्या खाचेतून नख फिरवा, गंजाचे खड्डे नखाला लागतात. ब्लॉक आडवा हलवून पाहा, अजिबात हलता कामा नये. आणि दुकानदाराला ब्लॉक रेलवरून बाहेर काढू देऊ नका. पुष्कळ ब्लॉकमधल्या गोळ्या तिथेच जमिनीवर सांडतात आणि त्या पूर्ण सापडत नाहीत. काढायचाच असेल तर रेलच्या टोकाला त्याच मापाचा प्लास्टिकचा तुकडा लावून ब्लॉक त्याच्यावर सरकवून घ्या.