"बाजार लहान आहे": कारण की सबब?

मूळ लेखन (धागालेखक)

गेल्या वर्षी माझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगली, तेव्हा वॉरंटीचे सात महिने शिल्लक होते. मी राहतो त्या लहानशा बेटदेशात कंपनीचे सेवा केंद्र नाही. एकच अधिकृत विक्रेता आहे आणि त्याने यंत्र परदेशातील केंद्राकडे स्वखर्चाने पाठवायला सांगितले. कुरिअरवाल्यांनी ते घ्यायला नकार दिला, आणि त्यांचे बरोबरच होते, कारण खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे. म्हणजे वॉरंटी हातात होती, पण ती वापरायची सोय नव्हती. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायला गेलो, तर देशांच्या यादीत माझा देशच सापडेना. शेवटी विक्रेत्याकडे परत गेलो, तेव्हा नेहमीचे उत्तर मिळाले: "आपला बाजार लहान आहे."

या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात, असे माझे मत आहे. मोजक्या ग्राहकांसाठी सुट्या भागांचा साठा ठेवणे महाग पडते, हे मला मान्य आहे. परंतु वस्तू बिघडल्यावर तिची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा लोकसंख्येशी काहीही संबंध नाही. न्यूझीलंडच्या १९९३ च्या ग्राहक हमी कायद्याने परदेशी उत्पादकाचे त्या देशात कार्यालय नसेल तर आयातदारालाच उत्पादक मानले आहे. तो देशही काही मोठा नाही, तेथे जेमतेम पन्नास-पंचावन्न लाख लोक राहतात.

प्रतिसाद १ (आयातदार)

मी अशाच एका लहान देशात बरीच वर्षे यंत्रे आयात केली आहेत, म्हणून काउंटरच्या पलीकडची बाजू मांडतो. उत्पादक सुटे भाग एकेक करून देत नाही, ठरावीक संख्येच्या खोक्यानेच देतो. मी वर्षाला एका मॉडेलची चाळीस यंत्रे विकत असेन आणि त्यांतील दोन बिघडणार असतील, तर पंचवीस बॅटऱ्यांच्या खोक्याचे मी काय करायचे? त्या कपाटात पडून पडूनच खराब होतात. शिवाय माल परकीय चलनात घ्यायचा आणि स्थानिक चलनात विकायचा, ही तलवार कायम डोक्यावर असते. २००८ मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या आणि क्रोनाचे मूल्य घसरले, तेव्हा आयात केलेला कच्चा माल परवडेनासा झाला, म्हणून ऑक्टोबर २००९ अखेर मॅकडॉनल्ड्ससारख्या बलाढ्य साखळीनेही तेथील आपली तिन्ही दुकाने बंद केली. मग माझी काय कथा?

आणि आपण दिलेले उदाहरण अर्धेच आहे. त्याच कायद्याने दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सोय ठेवण्याची हमी घातली, पण ती मिळणार नाही असे ग्राहकाला विक्रीच्या वेळीच सांगितले तर त्या हमीतून सुटकाही ठेवली. कायदा करणाऱ्यांना व्यवहार कळत होता, एवढाच मी त्याचा अर्थ घेतो. जबाबदारीचे ओझे वाढवत नेले तर आयातदार ते मॉडेल आणणेच बंद करेल, लोक परदेशी संकेतस्थळावरून मागवतील, आणि मग भांडायला माझ्यासारखा माणूसही समोर उरणार नाही.

प्रतिसाद २ (दूरसंचार क्षेत्रातील)

दोघेही बाजाराच्या आकारावर अडकला आहात. खरा प्रश्न त्यात किती विक्रेते आहेत, हा आहे. न्यूझीलंडमध्येच डिसेंबर २०११ मध्ये जुन्या दूरसंचार कंपनीचे दोन भाग करण्यात आले. तारांचे जाळे कोरस या वेगळ्या कंपनीकडे गेले, आणि तिला थेट ग्राहकाला सेवा विकण्याची मुभा नाही. त्यामुळे एकाच जाळ्यावर अनेक कंपन्या ग्राहकासाठी झगडतात. जाळे दोनदा अंथरणे परवडत नसेल तर अंथरू नका, पण त्यावरचे दुकान तरी एकाच्या हाती देऊ नका. याच्या उलट चित्र त्याच देशातील किराणा व्यवसायात दिसले. तेथे दोन बड्या समूहांचे वर्चस्व होते आणि स्पर्धा आयोगाच्या मार्च २०२२ च्या अहवालात त्यांचा वाजवीपेक्षा जास्तीचा नफा दिवसाला सुमारे १० लाख डॉलर असल्याचे नोंदवले आहे. देश तोच, लोकसंख्याही तीच.

प्रतिसाद ३

वरील युक्तिवाद पन्नास लाखांच्या देशाला लागू पडतो, एक लाखाच्या देशाला नाही. पॅसिफिकमधील टोंगा या बेटदेशाला जगाशी जोडणारी समुद्राखालची एकच केबल होती, फिजीपर्यंत सुमारे ८२७ किलोमीटर लांबीची. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ती तुटली आणि दुरुस्तीला पाचेक आठवडे लागले. एवढ्या लोकांच्या वर्गणीतून दुसरी केबल कशी टाकायची? मला वाटते, अशा देशांनी स्वतंत्र नियम करत बसण्यापेक्षा मोठ्या गटाच्या नियमांचा आधार घ्यावा. युरोपीय संघाचा सदस्य असलेल्या चिमुकल्या माल्टाने एकट्याने मोबाइल कंपन्यांना चार्जर बदलायला सांगितले असते तर कोणी ढुंकूनही पाहिले नसते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचे केले, आणि माल्टाच्या ग्राहकाला ते आपोआप मिळाले.

प्रतिसाद २ (दूरसंचार क्षेत्रातील)

आपोआप सगळेच मिळत नाही. त्याच संघाने डिसेंबर २०१८ पासून दुसऱ्या सदस्य देशातील ग्राहकाला केवळ त्याच्या राष्ट्रीयत्वामुळे किंवा राहण्याच्या ठिकाणामुळे नाकारण्यास विक्रेत्यांना मनाई केली, परंतु माल त्याच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सक्ती मात्र केली नाही. बेटावरच्या माणसाला अडचण येते ती नेमकी दारापाशीच.

धागालेखक

आयातदारांचे खोक्याचे गणित मला पटले. सुट्या भागांविषयीचा माझा सूर थोडा चढा होता. पण त्यांनी दाखवलेली सुटका मला माझ्याच बाजूची वाटते, कारण ती "आधी सांगा" या अटीवर मिळते. मला कोणीच काही सांगितले नव्हते. दुरुस्ती कोठे होते, पाठवण्याचा खर्च कोणाचा, बॅटरी बिघडली तर काय, या तीन ओळी बिलावर छापायला खोकेभर बॅटऱ्या लागत नाहीत.

प्रतिसाद १ (आयातदार)

मी छापून पाहिले आहे. ग्राहक त्या ओळी वाचत असे, मान डोलवत असे आणि शेजारच्या दुकानात जाऊन तेच यंत्र त्या ओळींशिवाय विकत घेत असे. सहा महिन्यांत मी छापणे बंद केले. सक्ती करायची असेल तर ती सर्वांवर एकाच दिवशी करा, माझी हरकत नाही; उलट मला ते सोयीचेच आहे. मात्र परदेशातून थेट पार्सल पाठवणाऱ्याकडून ते कोण छापून घेणार, हेही सांगा.

प्रतिसाद ३

चर्चा बिलावर येऊन ठेपली, ते बरे झाले. पण त्या फुगलेल्या बॅटरीचे पुढे काय केलेत?

धागालेखक

घराबाहेर, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. ती घ्यायला येथे कोणी तयार नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की, परत घेण्याचे काम परदेशातील केंद्राचे आहे.