यवतमाळचा परवाना आणि जर्मनीतले पहिले ६ महिने

दारव्ह्याहून:
नमस्कार मंडळी. पोळ्यानंतर श्टुटगार्टला रुजू होतोय. गाडी चालवायचा परवाना एमएच-२९ चा, जुन्या पुस्तकाचा, एलएमव्ही म्हणजे हलक्या मोटारीचा. तिकडे नुसता बदलून मिळतो का? बायकोला अजून काढायचा आहे. ती मागाहून येईल. दिवाळीत गावी येऊन काढला तर?

श्टुटगार्टहून:
भाऊ, नुसता बदलून मिळत नाही. सूट असलेल्या देशांत भारत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावी लागतात, सक्तीचे क्लास तेवढे माफ. राहायला आल्यापासून ६ महिने भारतीय परवाना चालतो, सोबत भाषांतर ठेवायचं. नंतर गाडी चालवली तर फौजदारी गुन्हा. आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट) वर्षाची असली तरी हे ६ महिने वाढत नाहीत. बदलीचा अर्ज मात्र पुढेही करता येतो, परवाना मुदतीत असला की झालं. म्हणून मुदत जवळ आली असेल तर नूतनीकरण यवतमाळातच उरका.

पुस्तकाची नोंद सारथी या सरकारच्या परवान्यांच्या पोर्टलवर दिसते का, ते आधी पाहा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग एन्ट्री (जुन्या परवान्याची ऑनलाइन नोंद) करून कार्ड घ्या. नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, इथंच गाडं अडतं.

इथं अर्जासोबत फोटो, डोळ्यांची तपासणी, ९ तासिकांचा प्रथमोपचार कोर्स आणि भाषांतर लागतं. ड्रायव्हिंग स्कूलही आधी ठरवा, प्रॅक्टिकल त्यांच्याच गाडीत होते. नवा परवाना देताना जुना जमा करून घेतात.

म्युनिकहून:
परीक्षेचं मी सांगते. थिअरीत ३० प्रश्न, चुकलेल्या प्रश्नांचे दोषगुण धरतात, ते १० पर्यंत चालतात. पण ५ दोषगुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. मराठी-हिंदी नाही, इंग्रजी आहे.

आपली सराईत माणसं पडतात ती प्रॅक्टिकलला. लेन बदलताना किंवा वळताना नुसता आरसा पाहून भागत नाही, खांद्यावरून मान वळवून मागं बघावंच लागतं, आणि ते परीक्षकाला दिसलं पाहिजे. पाटी-सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे हॉर्न देऊन पुढं काढायची सवय, ती इथं नडते. सायकलवाल्याला ओलांडताना गावात दीड मीटर, गावाबाहेर २ मीटर अंतर.

वहिनींचं काम मात्र थांबवू नका. जर्मनीत राहायला आल्यावर सुट्टीत गावी जाऊन काढलेला परवाना इथं धरत नाहीत. त्या अजून दारव्ह्यातच आहेत, तर लर्निंग या आठवड्यातच काढा; ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते.