बाबांच्या एकसष्टीला 'खून' घडवायचा आहे: नाटकमंडळी, संहिता, जेवण याबद्दल सल्ला हवा

मुळशीची_वाट
नमस्कार मंडळी. डिसेंबरात बाबांची एकसष्टी आहे. हॉल, हार-तुरे, भाषणं यातलं त्यांना काहीच नको. जन्मभर रहस्यकथांवर पोसलेला माणूस आहे, म्हणून मुळशीजवळच्या फार्महाऊसवर चाळीसेक जणांचं जेवण आणि त्यातच घडणारं खुनाचं नाटक असा घाट घातलाय. नटांनी पाहुण्यांत मिसळायचं, पाहुण्यांनी उलटतपासणी घेऊन खुनी शोधायचा. माणसं दहा वर्षांच्या भाच्यापासून ऐंशीच्या आत्याआजींपर्यंत. नट कुठे शोधू? संहिता कशी असावी? जेवणाशी मेळ कसा घालू? कृपया सविस्तर लिहा.

तिसरी_घंटा
पुण्यात एकांकिका करणाऱ्यांना गाठा. कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे. त्यातून बाहेर पडून नोकरी सांभाळत प्रायोगिक नाटक करणारी भरपूर मंडळी शहरात आहेत. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही विचारा. ऑगस्ट-सप्टेंबरात कॉलेजची मुलं करंडकाच्या तालमीत बुडालेली असतात, तेव्हा बोलणी त्याआधी उरका.

निवडताना पाठांतर बघू नका. भूमिका सांगा आणि प्रश्नांचा मारा करा. काल रात्री नऊला कुठे होतात? सोबत कोण? मग फोन का उचलला नाहीत? तिसऱ्या उत्तरातही जो पहिल्याशी इमान राखतो आणि भूमिका सोडत नाही, तो तुमचा नट. आमच्या सिंधुदुर्गातले दशावतारी आख्यानाचा नुसता सांगाडा ठरवतात आणि लिखित संहितेशिवाय रात्र जागवतात. तुम्हाला नेमकं हेच कसब हवंय.

मानधन नाईटवर (दर प्रयोगामागे) ठरेल, पण तालमींचे पैसे वेगळे द्या. आणि नटांच्या मुक्कामाची सोय करा. मध्यरात्री घाटरस्त्याने दुचाकीवर परत पाठवू नका.

आमटीभात
बुफे अजिबात नको. निम्मी माणसं रांगेत असतात आणि महत्त्वाचं वाक्य हवेत विरतं. सरळ पंगत घाला आणि दोन संशयितांना वाढपी करा! कोशिंबीर वाढता वाढता एकजण हळूच म्हणतो, "साहेबांनी आज दुपारी मृत्युपत्र बदललं म्हणे." तेवढ्याने अख्खी पंगत कान टवकारते. वाढप्याला प्रत्येक पानापाशी जायची मुभा असते, हे फार मोठं भांडवल आहे.

खून पानं वाढायच्या आधी, सार पिताना होऊ द्या. गरम आमटी-भात, पुऱ्या येत असताना संवाद ठेवूच नका, लोक ऐकत नाहीत आणि नटांचा हिरमोड होतो. जेवण उरकलं की चौकशी, आणि विड्याबरोबर उलगडा.

मृत्यू विषाने असेल तर विष अन्नात घालू नका. एकदा ती शंका मनात शिरली की पुढचा पदार्थ कोणाच्या घशाखाली उतरत नाही. औषधाच्या बाटलीत घाला.

विंगेतून
+१. संहितेबद्दल थोडं. लिहिलेले संवाद फक्त तीन ठिकाणी: खून, मधली कलाटणी, उलगडा. बाकी प्रत्येक नटाला एक पान द्या: मला काय माहीत आहे, मी काय लपवतोय, मला कोणाचा राग आहे. एक नियम कसोशीने पाळा. निर्दोष पात्रं गोष्टी लपवतील, विषय टाळतील, पण खोटं बोलणार नाहीत. खोटं बोलायची मुभा एकट्या खुन्याला. नाहीतर पाहुण्यांना तर्क करायला जमीनच उरत नाही.

कळीचा प्रत्येक धागा किमान तीन वाटांनी हाती लागू द्या: एखादा कागद, एखाद्याचं बोलणं, खोलीतली एखादी वस्तू. एक हमखास निसटतो. सहा-सात जणांचे गट पाडा, प्रत्येक गटाकडे संशयित आळीपाळीने जाऊ देत, आणि शेवटी चिठ्ठीवर खुन्याचं नाव आणि कारण दोन्ही लिहून घ्या. भाच्याला पुरावे गोळा करायचं काम द्या.

आत्याआजींना आणि हृदयविकार असलेल्यांना आधीच कल्पना द्या. फार्महाऊसच्या राखणदाराला आणि शेजाऱ्यांनाही सांगा, किंकाळी ऐकून कोणी पोलिसांना बोलावायला नको. उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर रात्री दहापर्यंतच परवानगी असते.

मुळशीची_वाट
केवढं दिलंत! पंगतीची कल्पना तर घरात सगळ्यांना पटली. एकच शंका: बाबांनाच इन्स्पेक्टर करावं का? ते बँकेतून निवृत्त झालेत.

विंगेतून
नको. इन्स्पेक्टर नटच हवा, नाटकाची गती त्याच्या हाती असते. बाबांना पाहुणेच राहू द्या, पण एक पुरावा त्यांच्यासाठी पेरा. मृताच्या खिशात एक चेक सापडतो. मृताचा पुतण्या म्हणतो, "काकांनी आज सकाळी मला दाखवला, उद्या वटवायचा होता." चेकवरची तारीख मात्र चार महिन्यांपूर्वीची. २०१२ पासून चेकची मुदत तीनच महिने आहे, म्हणजे तो उद्या वटणारच नव्हता. चेक आधी दुसऱ्या गटांत फिरू द्या, बाबांच्या हाती शेवटी.