जुनी मिनीव्हॅन घ्यायचीय, जुळी येताहेत, दोन गाड्यांत अडकलोय

निळी_छत्री

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे, दोन महिन्यांत जुळी येताहेत आणि मोठा चार वर्षांचा आहे. आत्ताच्या पाच सीटच्या गाडीत मागे तीन चाइल्ड सीट बसतच नाहीत, टेप घेऊन मोजलं, सीट टाकूनही बघितल्या, मधली टाकली की बेल्टच्या बकलपर्यंत बोटंसुद्धा जात नाहीत. सासूबाई आमच्यासोबत राहतात, त्यांचे गुडघे फार दुखतात, म्हणून उंच गाडी नकोच, सरकत्या दाराची मिनीव्हॅनच घ्यायची असं ठरवलंय. नवीन परवडत नाही. ८-९ वर्षं जुन्यांमधल्या दोन बघून ठेवल्यात, किंमत जवळपास सारखीच.

पहिली ९०,००० किमी चाललेली, आतून एकदम चकाचक, पण सर्व्हिसचा एकही कागद नाही, "सगळं वेळेवर केलंय" एवढंच म्हणतात. मधल्या रांगेत दोन वेगळ्या सीट आहेत.
दुसरी १,७०,००० किमी चाललेली, एकाच मालकाची, बिलांची फाइल आहे, दारावर ओरखडे, एक सीटकव्हर फाटलंय. ही आठ सीटची, मधे बेंचसारखी रांग.

नवऱ्याचं मत पहिली, कारण रनिंग जवळजवळ निम्मं. माझं मन दुसरीकडे जातंय पण १,७०,००० हा आकडा बघून पोटात गोळा येतो. आणि मधली रांग कशी असावी, वेगळ्या सीट की बेंच? प्लीज सांगा.

तिघींचा_बाबा

अभिनंदन आधी! आमच्याकडे तिघी आहेत, धाकट्या दोघींत दीड वर्षाचं अंतर, त्यामुळे सीटच्या प्रश्नावर बोलतो, इंजिनचं जाणकार सांगतील.

तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट पुढे वाकवतात ना, विकणारा ते करून दाखवतो आणि आपल्याला वाटतं किती सोपंय. पण त्या सीटवर चाइल्ड सीट घट्ट बांधलेली असली की ती बहुतेक गाड्यांत वाकवता येत नाही, आणि लहान बाळाची मागे तोंड करून बसवलेली सीट तर रोज काढून परत बसवणं शक्यच नाही. म्हणजे तुमची जुळी मधल्या रांगेत बसली की दोन्ही बाजूंनी मागचा रस्ता बंद, मोठ्याला तिसऱ्या रांगेत पाठवायचं तर वाट फक्त मधून. दोन वेगळ्या सीट असतील तर मधल्या मोकळ्या जागेतून तो स्वतः चालत जातो, आणि त्याचा बेल्ट लावायला तुम्हीही त्याच वाटेने जाऊ शकता. सलग बेंच असेल तर नाही.

पण दुसरी लगेच बाद करू नका. काही आठ सीटच्या गाड्यांत मधली अरुंद सीट वेगळी असते आणि ती काढून घरी ठेवता येते, मग तिथेही वाट तयार होते. विकणाऱ्याला विचारू नका, स्वतः खाली वाकून लॅच कुठेय ते बघा आणि काढूनच बघा.

जाताना तिन्ही चाइल्ड सीट बरोबर न्या. खरंच न्या, लाजू नका. बाळाच्या सीटमुळे पुढची सीट किती पुढे घ्यावी लागते ते बघा, आमच्या आधीच्या गाडीत माझे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे. आणि आयसोफिक्सचे हुक (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे) तिसऱ्या रांगेत आहेत का ते सीटच्या फटीत हात घालून तपासा, सगळ्या जागांना नसतात. नसले तरी सीटबेल्टने नीट घट्ट बसवलेली सीट चालते, फक्त ती बसवायला जागा आणि हात जायला फट पाहिजे.

सासूबाईंना पुढेच बसवा, मागे चढायला लावू नका.

स्पॅनर१३

किमीचा आकडा बाजूला ठेवा. ९ वर्षांत ९०,००० म्हणजे वर्षाला १०,०००, ते वाईट अजिबात नाही, पण कागद नसतील तर तो आकडा खरा आहे हे तरी कशावरून? मीटर मागे फिरवता येतो. स्टिअरिंगवरचं चामडं गुळगुळीत झालंय का, ब्रेक पेडलचं रबर किती झिजलंय, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड दबलीय का हे बघा, ९०,००० ला तिथे फार झीज दिसायला नको.

मिनीव्हॅनमध्ये महागात पडणारी गोष्ट म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जड गाडी, माणसं भरलेली, वर सामान, सगळा ताण तिथे येतो. काही कंपन्या म्हणतात ऑइल आयुष्यभर बदलायला नको पण गाड्या हाताळणारा माणूस ८०-९० हजारांच्या आसपास बदलतोच. दुसरीच्या फाइलमध्ये हे बिल आहे का शोधा, असेल तर माझं मत तिलाच. जिथे डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आहे तिथे ऑइल कागदावर टिपून बघा, काळपट आणि जळका वास असेल तर निघून या. चालवताना गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा, आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. रिव्हर्समध्ये टाकल्यावर धक्का बसतो का, चढावर गिअर बदलताना इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही असं होतं का.

इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन ते मॉडेलनुसार बघा. होंडा ओडिसीच्या व्ही६ इंजिनला बेल्ट असतो, टोयोटा सिएनाच्या ३.५ लिटरला चेन. बेल्ट असेल तर तो किमीवर जातो तसा वयानेही जातो, त्यामुळे कमी चाललेल्या ९ वर्षांच्या गाडीत तो बदलायला आलेलाच समजा आणि तो खर्च किमतीत धरा. १,७०,००० वालीत तो एव्हाना बदललेला असायला हवा, वॉटर पंपासकट.

आता ही गोष्ट मुद्दाम सांगतो. मेकॅनिककडे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून नुसते एरर कोड बघू नका, रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या पूर्ण झाल्यात का, ते बघायला सांगा. कोड पुसून टाकले की हे मॉनिटर "अपूर्ण" दाखवतात आणि पुढे बरंच चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. डॅशवर इंजिनच्या बिघाडाचा दिवा नाही, कोड नाही, पण चार-पाच मॉनिटर अपूर्ण, म्हणजे एकतर बॅटरी नुकतीच काढलेली किंवा कुणीतरी आदल्या दिवशी दिवा घालवलाय.

रानवारा

सरकती दारं मोटरवर असतील तर दोन्ही दहा-दहा वेळा उघडझाप करा, बटणाने आणि हाताने पण. आमच्या आधीच्या व्हॅनमध्ये दाराची केबल तुटली होती, दार अर्धं उघडून अडकायचं, पावसात कडेवर बाळ घेऊन उभी असायचे, त्या दुरुस्तीला भलताच खर्च आला. मागचा एसी वेगळा चालू करून तिसऱ्या रांगेत स्वतः बसून दहा मिनिटं हवा बघा. कार्पेट उचलून ओल किंवा कुबट वास आहे का बघा. आणि चॅसी नंबर टाकून एअरबॅगचा रिकॉल (सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावणं) राहिलाय का तेही तपासा, ते काम कंपनी फुकट करून देते.

दूरचा_प्रवासी

सात सीटची एसयूव्ही का नको? जुन्यांमध्ये निवड जास्त मिळेल.

तिघींचा_बाबा

@दूरचा_प्रवासी, निवड मिळेल हो, पण तिसरी रांग उभी ठेवली की बऱ्याच एसयूव्हींत मागे जेमतेम एक-दोन बॅगा मावतात. मिनीव्हॅनला तिथे खोल खड्डा असतो, जुळ्यांची बाबागाडी उभी राहते त्यात. आणि गुडघेदुखीच्या माणसाला पायरी चढायला लावायची?

निळी_छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार, काल दोन्ही गाड्या मेकॅनिकला दाखवल्या. पहिलीचे चार मॉनिटर अपूर्ण निघाले आणि बॅटरी काढली होती का विचारलं तर मालक म्हणाले नाही. नवरा तिथेच गप्प झाला. टायरवर आठवडा-वर्षाचे चार आकडे असतात तेही त्या माणसाने दाखवले, चारही टायर ९ वर्षांपूर्वीचे, गाडीबरोबर आलेले.

दुसरीच्या फाइलमध्ये गिअरबॉक्स ऑइल दोनदा बदलल्याची बिलं आहेत, बेल्ट आणि पंप १,५५,००० ला झालाय. मधली अरुंद सीट खरंच निघते, मी स्वतः काढली, आणि आमचा मुलगा त्या फटीतून मागे जाऊन बसला आणि खाली उतरायलाच तयार नव्हता. डावं सरकतं दार शेवटी जरा कुरकुरतं, मेकॅनिक म्हणाला रोलर झिजलाय, केबल ठीक आहे, त्याचे पैसे किमतीतून कमी करायला मालक तयार आहेत. सासूबाईंनी पुढच्या सीटवर बसून बघितलं, हात न धरता उतरल्या. शनिवारी पैसे देऊन गाडी आणतोय.